मान डोलावणाऱ्यांचा मेळा

दिल्लीत ‘हिंदूराव’ म्हटलं की रिक्षावाला तुम्हाला थेट इस्पितळात नेतो. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, याच्याशी त्याला काय देणंघेणं? असो. इस्पितळ ज्या टेकडीवर आहे, तिथंच अशोकाचा एक स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं तो मेरठहून आणवला, अठराव्या शतकात दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ साली ते सांधले गेले. आज हे घडलं असतं तर पाच विभागांनी एकेक तुकडा वाटून घेतला असता आणि सांधण्यासाठी सहावा विभाग काढला असता.

गेल्या थंडीत मी एका ‘आंतरविद्याशाखीय’ परिषदेला गेलो होतो. (शब्द उच्चारेपर्यंत चहा गार होतो.) संख्याशास्त्रज्ञ म्हणाले, ‘फरक सिग्निफिकंट आहे.’ म्हणजे एवढंच, की निव्वळ योगायोगानं असा आकडा सहसा येत नाही. शेजारच्या डॉक्टरांचा चेहरा असा पडला, की रुग्ण गेलाच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, ‘आमचं कल्चर दोन दिवसांत वाढतं.’ समाजशास्त्रज्ञांनी ते भक्तिभावानं वहीत टिपलं. काचेच्या बशीतली संस्कृती! ‘मला कळलं नाही’ हे तीन शब्द दिवसभरात कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. पीएच.डी. घेताना ते बहुधा विद्यापीठात जमा करावे लागतात.

आता जेम्स प्रिन्सेप बघा. कलकत्त्याच्या टांकसाळीतला धातूंचा पारखी. कॅप्टन स्मिथनं सांचीच्या छोट्या लेखांचे ठसे पाठवले. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. देणग्याच असणार या, मग शेवटी ‘दानं’ नाही तर काय? १८३७ मध्ये ब्राह्मी, म्हणजे त्या स्तंभावरचीही लिपी, बोलू लागली. अर्थ अडला की स्वारी पंडित कमलाकांतांकडे. स्तंभांवरच्या लेखांतला ‘पियदसि’ हा सिंहलद्वीपाचा राजा, असं प्रिन्सेपनं आधी ठोकून दिलं. तिथं मुलकी नोकरीत असलेल्या जॉर्ज टर्नरनं पाली ग्रंथ धुंडाळून कळवलं, हा तर अशोक! प्रिन्सेपनं निमूट मानलं. टांकसाळवाला, पंडित, कप्तान आणि मुलकी अधिकारी. ना समन्वय समिती, ना बीजभाषण. यांचं जमलं कसं हो?

परिषदेच्या शेवटी आम्हाला हिंदूरावचा स्तंभ दाखवायला नेलं. इतिहासवाल्यांनी झिजल्या अक्षरांकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘धंमलिपि, अर्थातच.’ संख्याशास्त्रज्ञांनी मान डोलावली. डॉक्टरांनी डोलावली. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली. मग सगळ्यांचा फोटो झाला.