गाडी एकाची, माल दुसऱ्याचा!

दोस्तांनो, नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर तुम्हांला ठाऊक असेलच. घरांना दारं-कुलपं न लावण्याच्या परंपरेसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथून पाच-सहा किलोमीटरवर घोडेगाव. तिथला कांदाबाजार मोठा. लिलाव झाला, की प्रश्न येतो : हा कांदा चेन्नईला न्यायचा कुणी?

व्यापाऱ्याकडे माल असतो, ट्रकमालकाकडे गाडी. या दोघांची गाठ घालून देतो, तो मालवाहतुकीचा दलाल. त्याच्याकडे ना गाडी, ना गोदाम! भाडं ठरवायचं, गाडी भरून द्यायची नि आपली दलाली घ्यायची. हा धंदा जुनाच आहे. जकातीसकट ठरावीक रकमेत माल पोचवण्याचा मक्ता घेणाऱ्याला पूर्वी ‘हुंडेकरी’ म्हणत. आज तो शब्द आडनावात भेटतो.

सोपं वाटलं ना? पण थांबा! चेन्नईहून गाडी रिकामी परतली, तर डिझेलचा खर्च मालकाच्या अंगावर. म्हणून चांगला दलाल परतीचं भाडंही आधीच शोधून ठेवतो. गाडी वाटेत बंद पडली, कांदा सडायला लागला, की सगळे त्यालाच फोन करतात.

आणि कधी व्यापारी म्हणतो, “दोन टन जास्त भरा की!” २०१८ च्या नियमानुसार दहाचाकी ट्रकचं मालासकट वजन २८.५ टनांच्या वर जाता कामा नये. उतारावर ब्रेक लागला नाही, तर ड्रायव्हरच्या जिवावर बेततं. तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, भाडं हातचं गेलं तरी!

सुरुवात कशी करायची? बारावीनंतर शिकता शिकता एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करा. बिल्टी लिहायला शिका. गाडीचं आरसी, फिटनेस, परमिट, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन तपासायला शिका. कांद्याला ई-वे बिल लागत नाही. पण परराज्यात जाणारी साखर ५०,००० रुपयांहून जास्त किमतीची असेल, तर लागतं. बिल्टीवर माल घेणार असाल, तर २००७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीही करावी लागते.

पालकांनो, ‘दलाल’ म्हटलं, की नाक मुरडू नका. अनोळखी माणसाच्या गाडीत लाखाचा माल चढतो, तो दलालाच्या शब्दावर. हा शब्दच त्याचं भांडवल!

पण नुसत्या शब्दावर भागत नाही. शिंगणापुरात २०११ साली यूको बँकेनं शाखा उघडली, तीही दाराला नेहमीचं कुलूप न लावता. रोकड मात्र नीट सांभाळून ठेवायची व्यवस्था केलीच! दलालानंही तेच करावं : व्यवहार उघडा ठेवावा, कागद पक्के ठेवावेत.