लॅव्हनमचा गिल्डहॉल

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात लॅव्हनम नावाचे गाव आहे. तेथील बाजारचौकातला गिल्डहॉल सुमारे १५२९ मध्ये बांधला गेला, तेव्हा निळ्या जाड लोकरी कापडाच्या व्यापाराने हे गाव इतके संपन्न झाले होते की देशातील सर्वांत श्रीमंत गावांत त्याची गणना होत असे. इमारत उभारणारा कॉर्पस क्रिस्ती गिल्ड ही धनिक कापडव्यापाऱ्यांची धार्मिक बंधुसंस्था होती आणि दिवंगत सभासदांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करवणे हे तिचे एक प्रमुख कार्य होते. नव्या प्रॉटेस्टंट मताला अशा प्रार्थना मान्य नसल्यामुळे सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७ च्या कायद्यान्वये, अशा संस्था बरखास्त झाल्या; म्हणजे ज्यांनी ही वास्तू हौसेने बांधली, त्यांना ती वीस वर्षेही वापरता आली नाही.

पुढच्या साऱ्या काळात तिला इतरांनीच वापरले. काही काळ तेथून गावचा कारभार चालला. सतराव्या शतकात तिचे ब्राइडवेल झाले, म्हणजे भटक्यांना व किरकोळ गुन्हेगारांना डांबून त्यांच्याकडून सक्तीने काम करून घेणारा तुरुंग. आणि अठराव्या शतकात निराधारांना श्रमाच्या बदल्यात अन्न व निवारा देणारे वर्कहाऊस तेथे सुरू झाले. एव्हाना कोलचेस्टरला स्थायिक झालेल्या डच निर्वासित विणकरांच्या हलक्या व स्वस्त कापडापुढे लॅव्हनमचा व्यापार केव्हाच खचला होता, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या वैभवासाठी बांधलेल्या दालनांत त्याच गावातील दरिद्री माणसे राहू लागली.

हे बदल इमारतीला सोसले, याचे श्रेय तिच्या रचनेकडे जाते. सगळा भार ओकच्या खांबांचा व तुळयांचा सांगाडा पेलतो, मधल्या भिंती केवळ कुडाच्या, म्हणजे कामट्यांवर माती लिंपलेल्या असतात. त्या पाडून किंवा नव्याने घालून दालनाची कोठडी आणि कोठडीचे कोठार करता येते. मात्र ती आजवर टिकण्याचे खरे कारण गरिबी हेच मानावे लागते, कारण पैसा असता तर गावाने जुने लाकूडकाम पाडून विटांची नवी इमारत बांधली असती.

१८८७ मध्ये कथबर्ट क्विल्टर या श्रीमंत जमीनदाराने ती विकत घेतली आणि पुढे तिची दुरुस्ती झाली. १९५१ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा-जतन संस्थेच्या ताब्यात असून तेथे संग्रहालय व चहापानगृह चालते. संग्रहालयात कापडव्यापाराबरोबर कैद्यांची आणि वर्कहाऊसमधील रहिवाशांचीही हकिगत सांगितली जाते, हे अत्यंत न्याय्य आहे. किंबहुना या वास्तूवर व्यापाऱ्यांपेक्षा त्यांचाच हक्क अधिक आहे, कारण तिच्या पडत्या काळात तिच्यात राहिले ते तेच.