कासवाकडे नुसते पाहावे

प्राणी घरी आणणे आणि तो प्राणी घरात रुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणायला पैसे लागतात, रुळायला वेळ लागतो. आणि पैसे मोजून मोकळ्या झालेल्या माणसाला पुन्हा वेळही मोजावा लागतो याचा फार कंटाळा येतो. कुत्रा या बाबतीत आपल्याला सांभाळून घेतो. दोन दिवसांत शेपूट हलवून तो आपली लाज राखतो. मांजर निदान आपली नापसंती नख काढून कळवते. कासव मात्र काहीच कळवत नाही. ते मान आत ओढून घेते आणि गप्प बसते. या गप्प बसण्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो, आणि तेथेच त्याच्या हालांना सुरुवात होते.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कासवाच्या टाकीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. हा प्राणिशास्त्राचा विषय, असेही कोणी म्हणेल. पण टाकीतले पाणी, दिवा आणि दगड एवढे शास्त्र सांगून झाले, की परक्या जिवाशी आपण कसे वागावे हा प्रश्न उरतोच. आणि तो प्रश्न आमच्या वर्गातला आहे.

आपल्याकडे दुकानांतून जी हिरवी, रुपयाहून थोडी मोठी कासवे विकली जातात ती बहुधा ‘रेड-इअर्ड स्लायडर’ या जातीची असतात. डोळ्यामागे तांबडा पट्टा, ही त्यांची खूण. मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. आपली देशी कासवे पकडणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हा परदेशी पाहुणा बाजारात आला. दुकानदार सांगतो, ‘काही करावे लागत नाही, दोन दाणे टाकायचे.’ तो हे सांगत नाही, की हे पिल्लू वाढून दहा-अकरा इंचांचे होऊ शकते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असलेल्याने ते घेतले, तर त्याची मुले कॉलेजात जाईपर्यंत ते सोबत असायचे!

माझ्या मामांकडे असे एक कासव आले. कोणा जाणकाराने सांगितले होते, की घराच्या उत्तरेला कासव ठेवले की लक्ष्मी स्थिर होते. त्याप्रमाणे काचेच्या एका वाडग्यात चार बोटे पाणी घालून कासवाची उत्तरेला स्थापना झाली. मग दर्शनाची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण काचेवर टिचकी मारी, कोणी उचलून तळहातावर घेई, कोणी पाठ खाली करून पाही. तीन दिवस कासवाने काही खाल्ले नाही. मामा मला म्हणाले, “अगं, बघ जरा, हे झोपलंय का मेलंय?” ते झोपलेलेही नव्हते आणि मेलेलेही नव्हते. ते भ्यालेले होते.

त्या घरात कासवाची बाजू घेणारी एकच व्यक्ती निघाली, ती म्हणजे सातवीत शिकणारी माझी मामेबहीण. आम्ही दोघींनी आधी त्याच्या घराची व्यवस्था केली. कवचाच्या दर इंचामागे सुमारे चाळीस लिटर पाणी मावेल एवढी टाकी असावी असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तेव्हा वाडगा गेला आणि मोठी काचेची टाकी आली. पाणी इतके खोल ठेवले, की उलटे पडले तरी त्याला सुलटे होता यावे. एका बाजूला दगड रचून संपूर्ण कोरडी होता येईल अशी जागा केली, कारण हे कासव पाण्यात राहत असले तरी ऊन खाल्ल्यावाचून त्याचे चालत नाही. त्याचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. बाहेरची ऊब मिळाली तरच त्याने खाल्लेले अन्न पचते. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास आणि बसायची जागा तीस-बत्तीस अंश, एवढा फरक त्याला हवा असतो. शिवाय कवच घट्ट होण्यासाठी कॅल्शियम हवे, आणि ते अंगी लागण्यासाठी अतिनील किरण हवेत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्यांचा खास दिवा लावावा लागतो. उलट, भर उन्हात काचेची टाकी ठेवली तर थोड्याच वेळात पाणी तापून कासवाचा जीव जातो. नळाचे पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग घालावे, फिल्टर लावावा, आणि तरीही ठरल्या दिवशी थोडे पाणी बदलावे. ही सगळी तयारी वास्तविक कासव येण्यापूर्वी व्हायला हवी. पाहुणा दारात उभा असताना कोणी भिंती बांधायला घेत नाही.

पण खरे कठीण काम यापुढचे होते आणि ते टाकीबाहेरचे होते. मामेबहिणीने टाकीच्या तीन बाजूंना जुन्या साडीचे कापड लावले आणि घरात जाहीर केले, की कासवाला कोणीही हात लावायचा नाही. मोठ्या माणसांना हे मुळीच रुचले नाही. “मग आणलं कशाला?” असे विचारले गेले. ती ऐकेना. सकाळी ठरल्या वेळी ती थोडे खाणे पाण्यात टाकी, काही वेळाने उरलेले काढून घेई आणि दूर बसून आपला अभ्यास करी. खाणे पाण्यातच टाकायचे, कारण या कासवाला पाण्यावाचून नीट गिळता येत नाही. नव्या जागी आठवडाभर उपास घडणे ही मोठी चिंतेची गोष्ट नसते. डोळे सुजले, नाकातून बुडबुडे येऊ लागले किंवा ते एका अंगाला कलून पोहू लागले, तर मात्र लगेच पशुवैद्य गाठावा. तसे काही झाले नाही. अकराव्या दिवशी ते आपणहून दगडावर चढले, चारही पाय ताणून पसरले आणि डोळे मिटून बसले. त्याच संध्याकाळी त्याने खाल्ले. मामा दारातूनच पाहत होते. त्यांनीही टिचकी मारली नाही.

आपल्याला वाटते, कवचावर टकटक केली तर त्याला काय कळणार! पण कवच म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. कासवाच्या पाठीचा कणा आणि बरगड्या मिळूनच ते झालेले असते, आणि त्याला स्पर्श कळतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव अवयव आत ओढून घेते तशी ज्ञानी पुरुष इंद्रिये आवरून घेतो. उपमा सुंदरच आहे, पण ती माणसासाठी आहे. काचेच्या वाडग्यात अंग आवरून बसलेले कासव स्थितप्रज्ञ नसते, ते घाबरलेले असते. आणि इंद्रिये आवरण्याची गरज असते ती त्याच्याभोवती जमलेल्या आपल्याला.

आपल्या संतांनी कासवीची एक वेगळी गोष्ट सांगितली आहे. ती पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते. शास्त्राला हे मान्य नाही. कासवी मातीत अंडी पुरून निघून जाते. तरीही या कल्पनेतले मर्म मला फार मोलाचे वाटते. दुरून, न शिवता, केवळ लक्ष ठेवूनही माया करता येते. २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात हीच गोष्ट माणसाच्या बाबतीत दिसते. कवचात शिरलेल्या एका तरुणाला कोणी प्रश्न विचारून बाहेर ओढत नाही. त्याच्यासाठी जागा केली जाते आणि वाट पाहिली जाते. आपल्या वसतिगृहात दर वर्षी खेड्यातून आलेली काही मुले पहिले पंधरा दिवस कोपऱ्यात बसून असतात. त्यांच्या काचेवर टिचक्या मारणारे आपल्यात कमी नाहीत.

कोणी म्हणेल, इतका पुळका आहे तर कासव पाळूच नये. मला हे मान्य आहे. हौसेखातर, किंवा लक्ष्मीला उत्तर दिशेला बांधून ठेवण्याखातर, कोणी कासव विकत घेऊ नये असेच माझे मत आहे. परंतु जे घरात आलेच आहे त्याचे काय? मिसिसिपीला परत पाठवणे आपल्या हाती नाही. ‘पुण्य लागेल’ म्हणून देवळाच्या तळ्यात वा नदीत सोडणे तर त्याहून वाईट. जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. युरोपने १९९७ साली त्याची आयात बंद केली. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. तेव्हा टाकीत हात घातला की साबणाने धुवावा, लहान मुलांनी तर अवश्य.

म्हणजे परत पाठवता येत नाही आणि सोडून देता येत नाही. मग एकच मार्ग उरतो: त्याला नीट नांदवणे. हे काम प्रेमाच्या उमाळ्याने होत नाही. आधी जागा करावी, ऊब द्यावी, वेळ ठरवावी आणि मग हात मागे घ्यावा. कासव आपल्याला ओळखेल की नाही, हा प्रश्न गौण आहे. आपल्या खोलीत कोणी असतानाही त्याला मान बाहेर काढावीशी वाटली, म्हणजे आपले काम झाले.