कायमचा की पाच वर्षांचा?

गेल्या रविवारी येरवड्याचे एक कामगार बंधू कागद घेऊन आले. मुलगी बी.एस्सी. नर्स, वय 29, नोकरीला सहा वर्षे झालेली. एजंट म्हणाला, "ऑस्ट्रेलियाचा पीआर नक्की, म्हणजे कायमचे वास्तव्य." त्यासाठी ते फंडातून पैसे काढायला निघाले होते. मी म्हटले, "भाऊ, आधी हिशेब मांडू."

वयाचे 30 गुण, पदवीचे 15, अनुभवाचे 10, अविवाहित म्हणून 10. आयईएलटीएस परीक्षेत चारही भागांत 7 मिळाले तर आणखी 10. एकूण 75. किमान 65 लागतात. पण तेवढ्याने फक्त रांगेत उभे राहता येते, निमंत्रण मिळतेच असे नाही.

व्हिसा तीन प्रकारचे. 189 ला कुणाची शिफारस लागत नाही; तो पहिल्या दिवसापासून कायमचा. 190 ला तिथल्या राज्याची शिफारस लागते, 5 गुण वाढतात, तोही कायमचा. 491 ला 15 गुण वाढतात, पण मुदत 5 वर्षे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचे. 3 वर्षांनी अटी पूर्ण असतील तर 191 या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करायचा. एजंटच्या कागदावर 491 होता!

491 वाईट नाही. गुण कमी असतील तर तोच रस्ता. पण समजून घ्यावा.

पालकहो, निमंत्रण सरकार देते, एजंट नव्हे. हमी देणाऱ्याच्या हाती फंड देऊ नका. आधी शिक्षणाची तपासणी आणि इंग्रजी. निमंत्रणाच्या दिवशी वय 45 च्या आत हवे.

मुलीने आता इंग्रजीचा क्लास लावला आहे. फंड शाबूत आहे.