आधी अनुस्वार पडतो

भिवंडीत पाट्या बघत हिंडले की गावाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. भिवंडी आणि भिवडी. दुसऱ्यात पेंटरचे शुद्धलेखन कच्चे नसते. जरा निरखून पाहिले तर ‘व’च्या डोक्यावर टेपचा वाळलेला डाग दिसतो. अनुस्वार लावला होता, तो पडला.

मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटीचे बंधन लागू झाले आणि देवनागरी अक्षर शेजारच्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही, असे ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. ऐन दसरा-दिवाळीत कामे आली, आणि ती आपण पाटीवाल्यांनी केली तशीच, जशी इंग्रजी पाट्यांची करत होतो: तोच टेप, तेवढाच टेप, तोच हात. आमच्या मते चूक इथे झाली. देवनागरी शब्द हा चिकटवण्याच्या दृष्टीने वेगळाच माल आहे.

भिवंडीचेच उदाहरण घ्या. रोमन लिपीत हे नाव आठ सुट्या अक्षरांचे. मराठीत ‘भ’ची शिरोरेखा तुटकी असली तरी वेलांटी वरून येऊन तिला सांधते, म्हणजे कटिंगमधून निघतात दोनच तुकडे: एक लांबलचक शब्द आणि एक टिंब. लांब तुकडा उन्हात लांब होतो. ॲक्रेलिक दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते. मागचे एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल) त्याच्या साधारण एक तृतीयांश. काळी अक्षरे पहाटे २० अंशांवर असतील तर एप्रिलच्या दुपारी ६० वर जाऊ शकतात. १.२ मीटर लांबीच्या शब्दात या ४० अंशांमुळे अक्षर आणि पाटी यांच्यात सव्वादोन मिलिमीटरचा फरक पडतो, मध्य स्थिर धरला तर दोन्ही टोकांना एक मिलिमीटरहून थोडा जास्त. १५ सेंटिमीटरच्या सुट्या अक्षरात हाच फरक टोकाशी ०.१४ मिलिमीटर भरतो.

ॲक्रेलिक फोम टेप, म्हणजे आपण सगळ्यालाच व्हीएचबी म्हणतो तो, आपल्या जाडीच्या तिपटीपर्यंत आडवा सरकणे सोसतो. १.१ मिलिमीटरचा टेप त्यामुळे शिरोरेखेची ही रोजची ये-जा सहज पचवतो. शीटच्या पाठीला सरसकट लावून लेझरखाली घातला जाणारा ०.०५ मिलिमीटरचा ट्रान्स्फर टेप सुट्या अक्षराला कसाबसा पुरतो, शब्दाला नाही. त्यात फोमच नाही, तो ताणणार कुठून? आतल्या थंड भिंतीवर, ऑफिसच्या केबिनवर तो खुशाल वापरा. रस्त्याकडे तोंड असलेल्या पाटीला नको.

शब्द फारच लांब असेल तर आम्ही शिरोरेखा दोन अक्षरांच्या सांध्यात दीड मिलिमीटरने तोडायच्या पक्षाचे आहोत. पार्टी कुरकुर करते. करू दे. खालून ती फट दिसत नाही.

आता वजनाबद्दल, कारण फिटर मंडळी सगळ्यात जास्त काळजी त्याचीच करतात. एक किलोला सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर फोम टेप हा नेहमीचा हिशेब. तीन मिलिमीटरच्या ॲक्रेलिकचे एक किलो म्हणजे जवळजवळ २८०० चौरस सेंटिमीटर पाठ. वजनापुरता टेप त्या पाठीच्या दोन टक्क्यांतच बसतो. पाच मिलिमीटर जाडीच्या, दोन सेंटिमीटरच्या अनुस्वाराचे वजन तर दोन ग्रॅमही नाही. तो वजनाने पडत नाही. तो पडतो कारण शिडीवर सगळ्यात शेवटी लावला जातो, टेपचा कागद काढताना चिकट बाजूवर अंगठा उमटतो, कात्रीने कापलेला चौकोनी टेप गोलाच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि दाब दिला जातो तो एका बोटाचा. मग पाटी पुसणाऱ्याचे फडके त्या मोकळ्या कडेत अडकते. टिंबाचा टेप टिंबाएवढाच गोल कापून दुकानातच लावून न्यावा. बाहेरच्या कामात पाठीमागे एक बारीक स्टड दिला तर आणखी उत्तम.

पृष्ठभागाबाबत भिवंडीइतके वाईट गाव आपल्या धंद्याला दुसरे क्वचित असेल. मागांच्या गल्लीत हवेतच कापसाचा तूस असतो. ॲक्रेलिकवरची फिल्म ओढली की स्थिर वीज तयार होते आणि तूस धावून येतो. टेपचा कागद निघाला की त्यावर बसतो. फिल्म आणि कागद काढण्याचे काम दुकानात, माग दूर असताना करता येत नसेल तर किमान लावण्याच्या क्षणी करावे, आधी सगळे सोलून शिडीखाली मांडून ठेवू नये. भिंतीवरचा डिस्टेंपर हाताला पांढरा लागत असेल तर टेप भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटतो. माणकोली-काल्हेरकडच्या गोदामांचे पन्हळी पत्रे तर फक्त उंचवट्यावर भेटतात; तिथे आधी सपाट पाटी, मग अक्षरे. एसीपीवरची संरक्षक फिल्म न काढता तिच्यावरच अक्षरे लावलेली आम्ही याच शहरात पाहिली आहेत. फिल्म सुटली, अक्षरे तिच्याबरोबर गेली.

पाटी निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मे पाणी घेऊन पुसावी. अक्षराला मात्र ते लावू नये, थिनर तर नाहीच: लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो आणि अल्कोहोल लागले की तिथे केसासारख्या चिरा येतात. अक्षराला सौम्य साबणाचे पाणी, आणि पूर्ण कोरडे. सोनेरी किंवा आरसा ॲक्रेलिकवर टेप पाठीच्या रंगाला धरतो, ॲक्रेलिकला नव्हे. आणि व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन तो रंग खाते, तिथे न्यूट्रलच हवे. फेविक्विकने कडेला पांढरा धूर उठतो, हे सांगायला नको, तरी लोक लावतातच.

राहिला वेळ. दाबून बसवलेला फोम टेप वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड घेतो, चोवीस तासांत नव्वद टक्के, पूर्ण व्हायला बहात्तर तास. पार्टीला पाटी संध्याकाळी उद्घाटनाला हवी असते. जूनमध्ये ओल्या भिंतीवर ही घाई करण्यापेक्षा एक दिवस कापडी बॅनर लावून द्यावा.

वाचकांना एक विनंती. पडलेले अक्षर फेकू नका, त्याची पाठ बघा. टेप अक्षरावर राहिला असेल तर दोष भिंतीचा, भिंतीवर राहिला असेल तर अक्षराच्या पाठीचा, आणि मधूनच फाटून दोन्हीकडे निम्मा असेल तर टेप पातळ किंवा हलका होता. अशा पाठींचे फोटो, टेपची जाडी आणि पाटी कोणत्या दिशेला होती एवढे लिहून आम्हाला पाठवा. पावसाळ्यानंतरच्या अंकात ते छापू, दुकानाचे नाव झाकून.