६८० किलोमीटर आणि चार तास

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. तिकिटावर प्रवासाची वेळ साधारण दीड तास असते. दात्याचे हृदय विदर्भातून मुंबईला न्यायचे ठरते, तेव्हा मात्र हा दीड तास पूर्ण हिशेबाचा एक भागच असतो.

दात्याच्या शरीरात हृदयाचा रक्तपुरवठा थांबवला, की घड्याळ सुरू होते. रुग्णाच्या छातीत ते जोडून रक्त पुन्हा वाहू लागेपर्यंत ते थांबत नाही. बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या हृदयासाठी ही मुदत साधारण चार तासांची मानतात. त्यापुढे नवे हृदय नीट काम न करण्याचा धोका वाढत जातो. फुप्फुसांना सहा तासांपर्यंत, यकृताला बारा, तर मूत्रपिंडाला चोवीस तास वा त्याहून अधिक अवधी मिळतो. म्हणूनच मूत्रपिंड समृद्धी महामार्गाने आठ तासांत नेले तरी चालते. हृदयाला विमानच लागते.

आता हिशेब मांडून पाहू. रुग्णालय ते विमानतळ १५ मिनिटे, विमानात बसून निघेपर्यंत ३० मिनिटे, प्रवास ९० मिनिटे, मुंबईत उतरून रुग्णालयापर्यंत ३० मिनिटे आणि हृदय जोडायला ६० मिनिटे. बेरीज पावणेचार तास. हातात उरतात १५ मिनिटे! विमानाला धावपट्टी मोकळी होण्याची वाट पाहत आकाशात दोन घिरट्या घालाव्या लागल्या, तर तीही गेली.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयव वाहतुकीची कार्यपद्धती जाहीर केली, ती यासाठीच. अशा विमानाला उड्डाण व उतरण्यात प्राधान्य मागता येते, पथकाला पुढच्या रांगेत जागा मिळू शकते. रस्त्यावर पोलिसांचा ग्रीन कॉरिडॉर असतोच. म्हणजे वाचवता येणारी मिनिटे हवेत कमी, जमिनीवर जास्त आहेत.

पण खरा उशीर त्याआधीच होतो. १९९४च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू जाहीर करण्यासाठी डॉक्टरांच्या मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या कराव्या लागतात. या काळात दात्याचा रक्तदाब, प्राणवायू आणि लघवीचे प्रमाण सांभाळावे लागते. अतिदक्षता विभागात खाटा अपुऱ्या असतील, प्रशिक्षित समन्वयक नसेल, तर मेंदूमृत्यूची नोंदच होत नाही. मग विमानाचा प्रश्नही उरत नाही. जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयांत अपघाताचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे ही सोय तिथे आधी हवी.

उरतो नातेवाइकांचा निर्णय. ऐन दुःखात तो घेणे फार जड जाते. घरच्यांशी या विषयावर आधीच बोलून ठेवले असेल, तर तो निर्णय थोडा सोपा होतो.