ठिगळाच्या नावाखाली कात्री

अंगरखा ठिगळ लावायला शिंप्याकडे द्यावा, आणि त्याने भोक बुजवता बुजवता खिसाच कापून टाकावा. जाब विचारला तर ‘चोर खिशातच हात घालतो, म्हणून तुमच्याच भल्यासाठी कापला’ असे तोंड वर करून सांगावे! अशा शिंप्याला गावाने वेशीबाहेर काढले असते. १ एप्रिल २०१० रोजी सोनी कंपनीने नेमके हेच केले, आणि तिचे दुकान आजही धडाक्यात चालू आहे.

२००६ साली सोनीचे प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र बाजारात आले, तेव्हा त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवण्याची सोय कंपनीनेच दिली होती. लोकांनी त्या सोयीसकट दाम मोजले. संशोधकांनी या खेळण्यांच्या रांगा जोडून गणिते सोडवली. अमेरिकी हवाई दलाने तर सुमारे १,७०० यंत्रांचा महासंगणक उभारायला घेतला. मग ३.२१ क्रमांकाचे अपडेट आले आणि सोय गेली. कारण काय, तर सुरक्षा! नको असेल तर अपडेट घेऊ नका, असे औदार्यही दाखवले. मात्र न घेणाऱ्याचा ऑनलाइन खेळ बंद, आणि पुढे येणारे कित्येक नवे खेळही बंद. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्ही खणणारा एकच!

बरे, ती सुरक्षा तरी पदरात पडली काय? त्याच डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत काही हॅकरांनी सोनीचे पितळ उघडे पाडले. डिजिटल सही करताना दर वेळी बदलायला हवा तो आकडा या शहाण्यांनी कायम एकच ठेवला होता, त्यामुळे गुप्त किल्ली चक्क गणिताने काढता येत होती. लिनक्स काढून घेतले म्हणूनच आम्ही या यंत्राच्या मागे लागलो, हेही त्यांनी सांगून टाकले. खिसा कापला, आणि भोक होते तिथेच राहिले.

आम्ही पॅचचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ठिगळाचे, वैरी नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेला पॅच ज्यांनी टाळला, त्यांना मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने गाठले. ब्रिटनच्या रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. कधी कधी काहीतरी गमवावेच लागते. २०१८ साली मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावरच्या पॅचने संगणकांचा वेग घटवला. पण लिनक्सवाल्यांनी तो भार लपवला नाही, आणि ज्याला धोका पत्करायचा आहे त्याच्यासाठी संरक्षण बंद करण्याची कळही ठेवली. तोट्याचा सौदा असाही करता येतो! तराजू मालकाच्या हातात असला म्हणजे झाले.

विक्रेत्याच्या हाती तराजू गेला की काय होते, ते सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या गिऱ्हाइकांनी पाहिले. काल छापणारे प्रिंटर फर्मवेअरच्या करणीने दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारू लागले. इथेही सुरक्षेचाच मंत्र! (शाईच्या डबीतून कोणता दरोडेखोर घरात शिरत होता, देव जाणे.) ओरड झाली तेव्हा कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि अडवणूक काढणारे फर्मवेअर देऊ केले. म्हणजे भोक बुजवणे आणि खिसा कापणे ही दोन कामे वेगळी करता येत होती तर! मग आधी ती एकाच गाठोड्यात कोणी बांधली?

लिनक्सची सोय काढल्याबद्दल गिऱ्हाइकांनी सोनीवर भरलेला खटला आठ वर्षे रखडला. २०१८ मध्ये समेट झाला: दावा लावणाऱ्याला फार तर ६५ डॉलर. लिनक्सची सोय कंपनीने परत दिली नाही.